'अशी ही बनवाबनवी': नट खणखणीत, कथा बेताची?

गंगावेश

यंदा गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं एका रात्री पडदा लावला. सिनेमा कुठला, यावर चर्चासुद्धा झाली नाही. पोरांनी परस्पर 'अशी ही बनवाबनवी' ठरवून टाकला होता. पावसाची भुरभुर होती म्हणून वर ताडपत्री, खाली सतरंज्या, कडेनं बायकांसाठी खुर्च्या. 'धनंजय माने इथेच राहतात का?' या वाक्याला पडद्यावरचा आवाज ऐकूच आला नाही, सगळी गल्ली एका सुरात म्हणाली. २३ सप्टेंबर १९८८ ला आलेला सिनेमा आणि पुढं बसलेल्या पोरांतलं एकही २०१० च्या आधी जन्मलेलं नव्हतं.

डोहाळजेवणाचं गाणं सुरू व्हायच्या बेतात लाईट गेली. दहा-बारा मिनिटं अंधार. लाईट आल्यावर पोरानं लॅपटॉप परत जोडला आणि सिनेमा थांबला होता तिथून न लावता बराच पुढून कुठूनतरी सुरू केला. एकानंही 'मागं घे' म्हटलं नाही. लोक पुन्हा पहिल्या वाक्यापासून हसायला लागले.

शेजारी माझे मामा बसले होते. ते इथल्या एका टॉकीजमध्ये बरीच वर्षं ऑपरेटर होते. दोन मशीन, कार्बनच्या कांड्या, रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका यायचा, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, हे सगळं त्यांनी हातानं केलेलं. ते म्हणाले, "इंटरवलनंतर पब्लिक आत कधी येतंय त्यावरनं मला सिनेमा कळायचा. रहस्यपट असला की घंटा व्हायच्या आत खुर्च्या भरायच्या. उशिरा आलेला शेजारच्याला विचारायचा, काय झालं, काय झालं. ह्या सिनेमाला लोक वडा संपवून निवांत यायचे आणि बसल्या बसल्या हसायचे."

ते कौतुकानं बोलत होते. मला मात्र ते लागलं. दहा मिनिटं गाळून काही बिघडत नसेल, तर त्या सिनेमाला कथा आहे असं म्हणायचं का?

दुसऱ्या दिवशी नीट विचार केला. चार मित्र, पुण्यात जागा मिळेना, घरमालकीण फक्त जोडप्यांना जागा देणार, म्हणून दोघांनी साड्या नेसायच्या. सुरुवात झकास आहे. पण पुढं काय? चौघांना चार मुली, प्रत्येकाची अडचण साधारण एकसारखी, विजू खोट्यांचा बळी येतो तेव्हा काहीतरी मोठं घडणार असं वाटतं, तेही फार पुढं जात नाही, आणि शेवटी सगळं गोड. उत्तरार्धात एकही वळण असं नाही की जे आधी दिसलं नव्हतं. हे सगळं तरतं ते माणसांवर. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सुधीर जोशी, नयनतारा. ही माणसं काढा आणि कागदावर काय उरतं ते बघा.

हे लिहिताना मला जड जातंय. माझ्या वडलांना हा सिनेमा पाठ होता, त्यांच्या आजारपणात मी त्यांच्याबरोबर तो किती वेळा बघितला याची गणती नाही. तरीही विचारतोय. नट एवढे मोठे आहेत म्हणून आपण कथेला मोठं म्हणतोय का? आणि त्याच सवयीनं पुढची तीस-पस्तीस वर्षं मराठी विनोदी सिनेमा फक्त नटांच्या जिवावर काढला गेला का?


कुंभार गल्ली

भावा, मनापासून सांगतो, शीर्षक वाचून राग आला. मग पूर्ण वाचलं, वडलांचं वाचलं आणि राग गेला. तरी माझं म्हणणं ऐक.

२०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी. आम्ही सगळे चुलत्यांकडं वर कळंब्याला. घरात सोळा माणसं, एक संडास, लाईट असली तर असली. आई चार दिवस कुणाशी बोलली नव्हती. तिची शिलाई मशीन पाण्यात गेली होती, तेवढंच तिच्या डोक्यात. एका रात्री पुतण्यानं मोबाईलवर बनवाबनवी लावला. त्या सत्तर रुपयांच्या प्रसंगाला आई हसली. तोंडाला पदर लावून हसली आणि मग रडली.

ती कथेला हसली का नटाला हसली हे मला सांगता येणार नाही. पण असल्या वेळी कथेत वळणं असती तर तिला ती झेपली नसती. तिला माहीत असलेलंच पाहिजे होतं.


शेंडा पार्क

काही गोष्टी नोंदवून ठेवतो, वाद त्याच्यानंतर घालू.

कथा मूळची आपली नाही. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६ चा. तिथंही जागेची अडचण, तिथंही पुरुषांनीच बायका व्हायचं. मेहमूद, विश्वजित, केश्टो मुखर्जी असे नट आणि दिग्दर्शक कोण, तर विनोदाची जाण असलेला पहिल्या फळीचा माणूस. तरी आज त्या सिनेमाचं नाव किती जण काढतात? बनवाबनवीवरून पुढं १९९१ ला तेलुगूत 'चित्रम् भळारे विचित्रम्' झाला. २००९ ला हिंदीत 'पेइंग गेस्ट्स' आला, त्यातही हाच सांगाडा.

म्हणजे एकच कथा वेगवेगळ्या नटांनी, वेगवेगळ्या भाषांत करून बघितलेली आहे. महाराष्ट्रात गल्लीगल्लीत पाठ झाली ती एकच. यावरून मला गंगावेश यांचं पहिलं म्हणणं बरोबर वाटतं. कथेत एवढी ताकद असती तर ती सगळीकडं सारखीच चालली असती.

अजून एक. 'धूमधडाका' १९८५ चा, तोही श्रीधर यांच्या 'काधलिक्क नेरमिल्लै' या १९६४ च्या तमिळ सिनेमावरून, मधे हिंदीत १९६६ ला 'प्यार किये जा'. त्या दशकात आपल्याकडं उसनी कथा आणि घरचे नट हा रिवाजच होता.


तिसरी घंटा

मी हौशी रंगभूमीवर वीस वर्षं आहे, राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी काही ना काही घेऊन उतरतो. दोन फार्स बसवलेत, एक पडला. पडलेल्यावरून जास्त शिकलो, म्हणून लिहितो.

फार्समध्ये कथा म्हणजे गोष्ट नव्हे. फार्समध्ये कथा म्हणजे अडकवणी. एक खोटं बोललं की ते झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि प्रत्येक खोटं आधीच्यापेक्षा महाग. बनवाबनवीत ही शिडी बघा. औषधाची थाप ही सत्तर रुपयांची. मग बायको असल्याची थाप, तिची किंमत राहतं घर. मग बायकोला दिवस गेल्याची थाप, आणि तिची किंमत म्हणजे अख्ख्या घराचा जीव त्या न जन्मणाऱ्या बाळात अडकतो. हे बेताच्या लेखकाचं काम नव्हे. कथा, पटकथा, संवाद वसंत सबनीसांचे आहेत. सांगाडा उसना असेल, पायऱ्या त्यांनी बांधल्यात.

आता तो सत्तर रुपयांचा प्रसंग. आमच्या पोरांना मी तो आवाज बंद करून बघायला लावतो. खोलीत दोन माणसं उभी आहेत, बाकी काही नाही. घरमालक सरपोतदार औषधाची चौकशी करतोय. धनंजयनं इस्राईलहून औषध आणून देतो म्हणून पैसे घेतलेत आणि ते केव्हाच खर्च झालेत. अशोक सराफ काय करतात? थाप मारणारा माणूस सहसा वेग वाढवतो, हातवारे करतो. ते वेग कमी करतात. आवाज खाली नेतात. औषध आणणारा मित्र वारला हे ते असं सांगतात की क्षणभर आपल्यालाही वाटतं, असेल बुवा असा मित्र. आणि सुधीर जोशी! आधी माणूस गेल्याची हळहळ, मग हळूहळू आपल्या पैशांचा हिशेब, दोन्ही एकाच चेहऱ्यावर, आणि एक दुसऱ्याला ढकलत नाही. तो माणूस फसतोय हे आपल्याला कळतं, पण तो मूर्ख वाटत नाही. आमच्या फार्समध्ये आम्ही घरमालक मूर्ख केला होता. पहिल्या दहा मिनिटांत लोकांना त्याची कीव आली आणि हसू आटलं.

म्हणून 'नट काढा आणि कागदावर काय उरतं ते बघा' हे मला पटत नाही. कागदावर अशी जागा लिहिलेली होती म्हणून त्या नटांना उभं राहता आलं.


गंगावेश

तिसरी घंटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शिडीचं पटलं. पण तुमच्याच शिडीवरून विचारतो. दिवस गेल्याची थाप ही सगळ्यांत वरची पायरी. तिथून पडताना जोरात आपटायला पाहिजे. पडताना एवढं अलगद कसं? घरमालकिणीचा विश्वास मोडला, मुलींना महिनोन्महिने फसवलं, आणि मिटतं किती लवकर! वर चढताना लेखक आहे, उतरताना नाही. उतरताना नटांनी हात दिलाय.

शेंडा पार्क, माहितीबद्दल आभार. 'प्यार किये जा'चं माहीत होतं, तेलुगूचं नव्हतं.


कपिलतीर्थ

बायकांच्या बाजूनं कुणीच लिहीना म्हणून लिहितो.

(बाहेरगावच्या वाचकांसाठी: मी बाई आहे. आमच्या घरात आजी, आई, चुलत्या सगळ्या 'मी आलो, मी जेवलो, मी बाजारला जातो' असंच बोलतात. कोल्हापुरात जन्मलेल्या बाईच्या तोंडात ते दुधासारखं बसलेलं असतं. माझी बहीण लग्न होऊन नाशिकला गेली, तिच्या सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला बाजूला घेऊन 'आले, गेले' म्हणायला शिकवलं. बहीण फोनवर रडली होती. इथं मी माझ्या बोलीतच लिहिणार.)

हे मधेच का सांगितलं, तर 'हा माझा बायको पार्वती' या वाक्यासाठी. पुण्यात वाढलेली माझी मुलगी 'हा माझा' या दोन शब्दांना हसते. माझी आजी शब्दांना हसत नाही. ती अशोक सराफांच्या डोळ्यांकडं बघून हसते. वाक्य तोंडातून निसटलंय, परत घेता येत नाही, आणि समोरच्याला कळलंय का नाही याचा अंदाज घेणारे ते डोळे. आजीला ऐकू कमी येतं, तरी ती बरोबर त्याच जागी हसते. नट मोठा म्हणजे काय, ते मी आजीकडं बघून शिकलो.

आता नयनताराबाई. त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. लीलाबाई काळभोर ही म्हातारी त्यांनी कुठंही बावळट केली नाही. करारी आहे, घर तिचं आहे, नियम तिचे आहेत. आणि पार्वतीला दिवस गेलेत कळल्यावर तिच्यातली माया वर येते. त्या मायेत एक तीळभर खोटं नाही. समोरचं सगळं खोटं, आणि ही एकटी खरी. त्यामुळं डोहाळजेवणाला मला हसू येतं आणि पोटात कालवतंही. मला स्वतःला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. त्या काळात हा भाग लागला की मी स्वयंपाकघरात जायचो. सासूबाई चॅनेल बदलायच्या, काही न बोलता.

गंगावेश, उतरताना लेखक नाही म्हणता ते मला पटतं. लीलाबाईला रागवायला अजून जागा द्यायला पाहिजे होती. तिनं जेवढं प्रेम केलं तेवढा राग तिचा हक्काचा होता. नयनताराबाईंनी तो राग असा केला असता की लोकांनी जागेवर मान खाली घातली असती.

बाकी मुलींत अश्विनी भावेंची माधुरी मला आवडते. दुकान तिचं, नोकरी देणारी ती, आणि हिरो तिच्या हाताखाली. १९८८ ला हे सहज दाखवलंय, त्याचा गाजावाजा न करता. सुषमा आणि मनीषाला मात्र फारसं काही करायला दिलेलं नाही. निवेदिता जोशी आणि सुप्रिया असताना!


कुंभार गल्ली

ताई, नऊ वर्षांचं वाचून गप्प झालो. आजींना नमस्कार सांगा.


खरी कॉर्नर

वय पंचाहत्तर. नातू टाईप करून देतोय.

कोल्हापुरातली माणसं विनोदी सिनेमावर बोलतायत आणि अजून कुणी 'ब्रह्मचारी'चं नाव घेतलं नाही, याचं वाईट वाटलं. तो सिनेमा ह्या गावातला. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ ला प्रभात इथंच निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. प्रभात गेली तरी गाव रिकामं झालं नव्हतं. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ ला हंस पिक्चर्स काढली. १९३८ ला 'ब्रह्मचारी', लेखक आचार्य अत्रे.

लोकांना त्यातलं मीनाक्षीबाईंचं पोहण्याच्या पोशाखातलं गाणं तेवढं आठवतं. पण गोष्ट काय होती? औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकतो, भारावतो, घरातल्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो आणि व्रत घेतो. मग किशोरी समोर येते. एवढीच गोष्ट. पण त्या काळी गावोगाव असली व्याख्यानं होत होती, पोरं खरोखरच असली व्रतं घेत होती. हसणाऱ्या माणसाच्या ओळखीतला एखादा औदुंबर असायचाच. माझे वडील सांगायचे, त्यांच्या तालमीतल्या दोघांनी सिनेमा बघून वस्तादाला विचारलं होतं, आता आमचं काय?

पुढच्या वर्षी 'ब्रँडीची बाटली'. दामूअण्णा मालवणकरांचा बगाराम. साधा कारकून, ब्रँडी म्हणजे काय हे त्याला माहीत नाही आणि ती आणायला निघालाय. ही तर एका ओळीची कथा. पण दारूबंदीचा विषय तेव्हा घराघरात होता, त्यामुळं त्या एका ओळीला वजन होतं. आणि दामूअण्णा काय नट! डोळे तिरळे, अंगयष्टी बेताची, आणि पडद्यावर आले की दुसरं कुणी दिसत नसे.

तात्पर्य, नट तेव्हाही मोठे होते. पण ते कुणाकडं तरी बोट दाखवून हसवत होते. बनवाबनवीत बोट कुणाकडं आहे? मला तो सिनेमा आवडतो. पण बघून झाल्यावर गावातलं कुणी मला आठवत नाही.


शेंडा पार्क

आजोबा, नातवाला सांगून अजून लिहा. हंसबद्दल इथं एवढं कुणी लिहिलं नव्हतं.


तिसरी घंटा

खरी कॉर्नर यांनी नेमक्या ठिकाणी हात घातला. त्याला जोडून माझं.

वसंत सबनीस हे 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक. १९६५ चं वगनाट्य, दादा कोंडके त्यातूनच वर आले. १९७१ चा 'सोंगाड्या' सिनेमाही सबनीसांचा. म्हणजे त्यांचा हात तमाशात तयार झालेला. गण, गौळण, बतावणी, मग वग. वगाची कथा फाटक्या कागदावर मावेल एवढी असते. राजा, प्रधान, कोतवाल, एक बाई. लोक कथेसाठी बसतच नाहीत. सोंगाड्या आज काय जोडतोय यासाठी बसतात. गावात दुपारी जे घडलं ते रात्री त्याच्या तोंडात आलं पाहिजे, अशी अपेक्षा असते. कथा मुद्दाम सैल ठेवायची, नटाला हात-पाय पसरायला जागा पाहिजे म्हणून.

आपण 'कथा बेताची' म्हणतो ते पटकथेच्या पुस्तकाच्या मापानं. वगाच्या मापानं ती बेताची नाही, सैल आहे. दोन्हीत फरक आहे.

पण एक कबूल. सैल कथेत सोंगाड्यानं आजचं बोललं पाहिजे, ही अट आहे. 'विच्छा'त राजाला, कोतवालाला सोडलेलं नाही. बनवाबनवीत ते बोलणं कमी आहे.

आणि साडीबद्दल. स्त्री पार्टाची आपल्याकडं केवढी मोठी परंपरा! आपल्या केशवराव भोसल्यांनी लहान वयात 'शारदा' केली होती, त्या वेळी प्रेक्षक रडायचे. तिथं बाईचं सोंग हसण्यासाठी नव्हतंच. बनवाबनवीत सचिन आणि लक्ष्मीकांत यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्यात, हे मला फार मोठं वाटतं. सचिनची सुधा जवळजवळ जुन्या स्त्री पार्टाच्या वळणाची आहे. मान, पदर, पावलं, सगळं सांभाळलेलं. लक्ष्मीकांतची पार्वती म्हणजे साडीत उभा असलेला परश्याच, खांदे पुरुषाचे, चाल पुरुषाची, आणि त्याला त्या साडीचा मनापासून वैताग आलेला. दोघं शेजारी उभे राहिले की काही न बोलता विनोद होतो. दोघांनीही लक्ष्मीकांतसारखं केलं असतं तर धिंगाणा झाला असता. दोघांनीही सचिनसारखं केलं असतं तर हसू आलं नसतं.

९ ऑगस्ट ही केशवरावांची जयंती. २०२४ ला त्याच्या आदल्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळताना मी रस्त्यावर उभा होतो. माझी पहिली एंट्री त्याच रंगमंचावर झाली होती. आमच्यातला एक जण जो रंगभूषा करतो, तो सारखा म्हणत होता, आरशांना काय झालं असेल, आरशांना काय झालं असेल. विषय सोडून गेलो, माफ करा. पण स्त्री पार्टाचं लिहिताना ते डोळ्यासमोर येतंच.


सागरमाळ

मी इथं नवीन आहे, वयानंही सगळ्यात लहान असेन. खरी कॉर्नर आजोबांनी विचारलं, बोट कुणाकडं आहे? मला सांगता येईल.

मी गडहिंग्लजकडची. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, हॉस्टेलला नंबर लागला नाही. आम्ही तिघी मैत्रिणी बारा दिवस खोली शोधत फिरलो. पहिला प्रश्न, फॅमिली आहे का? दुसरा, मुली एकट्याच राहणार का? तिसरा, आडनाव काय? आडनाव ऐकून एका काकूंनी आत जाऊन यजमानांना विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं की खोली कालच गेली. पाटी अजून दाराला होती. एका ठिकाणी माझी मैत्रीण म्हणाली, माझं लग्न ठरलंय, नवरा पुढच्या महिन्यात येणार. तिचं काहीही ठरलं नव्हतं. ती खोली आम्हाला मिळाली. तो पुढचा महिना वर्षभर पुढं ढकलत आम्ही तिथं राहिलो. काकू दर सणाला विचारायच्या, जावई कधी येणार? शेवटी एकदा त्यांनी तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या. मैत्रीण त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खरं सांगितलं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. आठ दिवस बोलल्या नाहीत. मग एके दिवशी दारात आमटीचा डबा ठेवलेला होता.

हा सिनेमा मी ती खोली सोडल्यानंतर पहिल्यांदा पूर्ण बघितला. तुम्ही सगळे हसता त्या ठिकाणी मी पण हसले. पण 'फक्त जोडप्यांना' या अटीपाशी मला ती पाटी दिसते. बोट तिकडं आहे, माझ्या मते.


कपिलतीर्थ

बाळ, त्या आठ दिवसांचं तू लिहिलंस तेच सिनेमात नाही. लीलाबाईचे ते आठ दिवस.


गंगावेश

सागरमाळ, तुझा प्रतिसाद आला आणि मी दोन दिवस इथं काही लिहू शकलो नाही.

माझं म्हणणं आता बदलतोय. मी 'कथा बेताची' म्हणालो ते चुकलं. कथेला बोट आहे, ते पहिल्या अर्ध्या तासात नीट रोखलेलं आहे, आणि मग सिनेमा ते खाली घेतो. चौघांना घर मिळालं की घर हा विषय संपतो आणि प्रेमाचा सुरू होतो. माझी खरी तक्रार तीच होती, मला ती सांगता आली नव्हती. आणि कपिलतीर्थ ताई म्हणतात तसं, लीलाबाईचे आठ दिवस पाहिजे होते.

कुंभार गल्ली, तुझ्या आईला त्या रात्री ते आठ दिवस नको होते, हेही कळतं. दोन्ही कसं जमवायचं ते सबनीसांसारख्या लेखकालाही जमलं नसेल, तर मी गल्लीतल्या खुर्चीवर बसून काय सांगणार? पण आज जे लिहितात त्यांनी प्रयत्न तरी करावा. लक्ष्मीकांत २००४ ला गेले, त्याच वर्षी सिद्धार्थ रे, २००५ ला सुधीर जोशी. दर वेळी तसे नट मिळणार नाहीत. कथा तरी नीट लिहा.


कुंभार गल्ली

आता कसं बोललास! ह्याला माझी पण सही.

आईला सागरमाळचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, त्या पोरीला सांग, खोली लागली तर माझ्याकडं ये. मशीन नवीन घेतलीय, माळ्यावर जागा आहे.


गंगावेश

शेवटचं एक. काल मामांकडं जाऊन सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. 'ब्रह्मचारी'चं ऐकून खूश झाले. मग पहिल्या लेखावर आले तिथं मला थांबवलं.

म्हणाले, "लाईट गेल्यावर कुणी मागं घे म्हटलं नाही, हे तू लिहिलंयस. पण अंधारात काय चाललं होतं ते का लिहिलं नाहीस?"

मी म्हटलं, काय चाललं होतं? मी जनरेटर बघायला गेलो होतो.

"खुर्च्यांवरच्या बायकांनी 'कुणीतरी येणार येणार गं' म्हणायला सुरुवात केली. अख्खं गाणं झालं. पुढचे डायलॉग पोरांनी म्हटले, परश्या एकानं, लीलाबाई दुसऱ्यानं. लाईट आली तवर त्यांचं तिथवर पोचलं होतं, आणि त्या लॅपटॉपवाल्या पोरानं बरोबर तिथनंच लावलं."